घासलेटच्या डब्यातली सांदवाडी

आज इतिहासाच्या गप्पा करायच्या आहेत, पण राजे, लढाया आणि तह त्यात फारसे येणार नाहीत. आजचा इतिहास आहे एका डब्याचा.

अकोल्याला जठारपेठेच्या मागच्या अंगाला एक जुनं घर आहे. आमच्या गटातल्या एकीचं ते सासर. घराला अंगण असं नाहीच. मोरीच्या बाजूला हातभर जागा आहे, आणि तिथे गोडलिंबाचं झाड आहे, छताच्या वर गेलेलं. सांबारात, कढीत, फोडणीत साऱ्या गल्लीचा गोडलिंब त्याच झाडावरून जातो. त्याच्या बुडाशी नीट पाहिलं तर गंजलेल्या पत्र्याचं चौकोनी कडं दिसतं. ते घासलेटच्या डब्याचं आहे. तिच्या आजेसासूनं डब्यात रोप लावलं होतं. बूड गंजून गेलं, मुळं फरशीच्या सांदीतून जमिनीत शिरली, आणि डबा झाडाच्या पायात चाळासारखा राहून गेला.

हे घर आता पडणार आहे. दिवाळीनंतर तिथे चार मजली इमारत उभी राहील. झाडाचं काय करायचं यावर बोलता बोलता आमच्यात प्रश्न निघाला, की हा डबा असेल तरी किती जुना? आणि त्या माउलीला जमीन सोडून डब्यात झाड लावायची गरज का पडली? मग आम्ही अकोल्यात आणि अमरावतीत म्हाताऱ्या बायांना विचारत सुटलो. काय लावायच्या तुम्ही, कशात लावायच्या, डबा कुठून मिळायचा? कुणी हसल्या. एक आजी म्हणाल्या, "माय, हे का विचारायची गोष्ट हाय? डबा रिकामा झाला की त्यात माती जायची." हेच एक वाक्य घेऊन आम्ही मागे मागे गेलो.

आधी सांदवाडीपासून सुरुवात करू. पुण्याकडे परसबाग म्हणतात, आपल्याकडे घराच्या बाजूची कुडाची जागा म्हणजे सांदवाडी. वऱ्हाडातल्या खेड्यात शेत पुरुषाच्या नावावर आणि सांदवाडी बाईच्या हातात, असं न लिहिलेलं वाटप होतं. कुडावर वालाची वेल, छपरावर दोडकं आणि कोहळं, न्हाणीच्या पाण्यावर अळू, मिरचीची चार झाडं, वांगी, अंबाडी, सांभार. भेदरं त्या मानानं नवं. टोमॅटो मूळचा अमेरिकेचा, तो परदेशी लोकांबरोबर आपल्याकडे आला, आणि वऱ्हाडानं त्याला नाव मात्र स्वतःचं दिलं. सांदवाडीतलं काही बाजारात गेलं तर त्याचे पैसे बाईच्या गाठीला राहायचे. शेतातल्या कापसाच्या पैशाचं तसं नव्हतं.

कापसाचं नाव घेतल्याशिवाय वऱ्हाडातली कुठलीच गोष्ट पुरी होत नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. १८६७ पर्यंत मुंबईची आगगाडी अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. इंग्रज सरकारनं कापसासाठी खास कमिशनर नेमला. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला येऊन रेल्वेचा फाटा सुरू करून गेला. कारंजाला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी वेगळा कायदाच आला. एवढी सरकारी काळजी सांदवाडीतल्या वांग्याच्या वाट्याला कधी आली नाही!

पैसा आला, हे खरं. पण जमिनीवर कापूस पसरला की दुसऱ्या कशाला तरी सरकावं लागतं. लक्ष्मण सत्या या इतिहासकारांनी 'वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ' या विषयावर एक अख्खं इंग्रजी पुस्तक लिहिलं आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत हा सुपीक प्रांत उपासमारीनं होरपळला. कापसाच्या गाठी रेल्वेनं मुंबईला जात होत्या आणि घरात ज्वारी नव्हती. शहरं मात्र वाढली. जिनिंग आणि प्रेसिंगच्या कारखान्यांत बाया कामाला लागल्या. अमरावतीच्या परकोटाच्या आत, बुधवाऱ्याच्या, भाजीबाजाराच्या गल्ल्यांत घराला घर चिकटलं. खेड्यातून आलेल्या बाईच्या हातची सांदवाडी सुटली. तिला उरली ती ओट्याची कड, मोरीजवळची फरशी आणि धाब्याचा माळा. त्यावर माती टिकणार कशी? त्याला काहीतरी भांडं पाहिजे.

भांडं आपल्याकडे नवं नव्हतं. तुळशीवृंदावन होतंच. फुटक्या माठात पुदिना लावायची रीतही जुनी. वऱ्हाडात तर भांड्यावरून संताचं नाव पडलं. १८७६ साली शेंडगावला जन्मलेले डेबूजी हातात गाडगं घेऊन हिंडायचे, म्हणून गाडगेबाबा झाले. पण मातीचं मडकं कुंभाराकडून आणावं लागतं, आणि फुटकं मडकं काही रोज मिळत नाही. मोठं, हलकं, न फुटणारं आणि फुकटात पडलेलं भांडं आलं ते परदेशातून, रेल्वेत बसून. तोच घासलेटचा डबा.

या डब्याची गोष्ट आम्हाला फार आवडली, म्हणून जरा सावकाश सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेची स्टँडर्ड ऑइल कंपनी आशियातल्या देशांना घासलेट विकायची ते पत्र्याच्या डब्यांतून. चार गॅलनचा, म्हणजे साधारण अठरा लिटरचा चौकोनी डबा, रंग निळा. लंडनचा मार्कस सॅम्युअल नावाचा व्यापारी तिच्यावर मात करायला निघाला. डबे, खोकी यांचा खर्च वाचवावा म्हणून त्यानं रशियाचं तेल सरळ जहाजाच्या पोटातच भरलं. १८९२ साली त्याचं 'म्युरेक्स' नावाचं जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आलं. तेल स्वस्त होतं. लोकांनी आपापली भांडी आणावी आणि भरून न्यावं, असा त्याचा हिशेब होता. पण गिऱ्हाईक येईना. का? तर लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता! डबा कापून छपराचा पत्रा होई, पाण्याचा हंडा होई, पेटी होई, शेगडी होई. शेवटी सॅम्युअलला विलायतेहून पत्रा मागवून जागोजागी डबे बनवायचे कारखाने काढावे लागले, आणि त्याचे डबे लाल रंगाचे निघाले. या व्यापारातूनच पुढे शेल कंपनी उभी राहिली. तिच्या नात्यातली बर्मा-शेल आपल्याकडे १९२८ पासून तेल विकू लागली, १९७६ साली ती सरकारनं घेतली, आणि आजची भारत पेट्रोलियम ती हीच.

म्हणजे बघा, जगातल्या सगळ्यात बलाढ्य कंपन्यांना घरातल्या बायांच्या काटकसरीपुढे नमावं लागलं. तेलाच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट व्यापाऱ्याच्या बाजूनं लिहिलेली असते. डबा हवाच असा हट्ट धरून कोण बसलं होतं, याचा विचार त्यात नाही. आमच्या मते तो विचार व्हायला पाहिजे.

वऱ्हाडात डबा रिकामा झाला की त्याचा मान ठरलेला असायचा. नवा चकचकीत असेल तर धान्याला. जरा ठोकर खाल्लेला असेल तर दोन कान ठोकून पाण्याला. कान तुटला, कड गंजली, की खिळ्यानं बुडाला चार भोकं आणि माती भरून मोरीजवळ. जठारपेठेतल्या त्या आजेसासूची पाळी तिसऱ्या मानाच्या डब्याची असणार.

दुसऱ्या महायुद्धात हे काम अचानक देशभक्तीचं झालं. इंग्लंड-अमेरिकेत सरकारनं घरोघरी भाज्या लावायला सांगितल्या. अमेरिकेत सुमारे दोन कोटी बागा तयार झाल्या आणि तिथल्या ताज्या भाजीचा चाळीस टक्के भाग त्यांतून आला, असा अंदाज सांगतात. आपल्याकडे १९४३ साली 'अधिक धान्य पिकवा' मोहीम निघाली, आणि त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली. स्वातंत्र्यानंतरही मोहीम चालू राहिली, १९५२ साली चौकशी समितीनं तिच्या उणिवा सांगितल्या. पुढे १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळचं जेवण सोडायचं आवाहन केलं. मोहिमांचं तेवढ्यावर सोडू. सगळ्यांचा सूर एकच, बायांनी आणखी काटकसर करावी. जशी काही त्या आधी उधळपट्टी करत होत्या!

डबा मात्र या काळात बदलला. १९३७ साली लिव्हर कंपनीनं डालडा आणला. पिवळ्या डब्यावर हिरवं ताडाचं झाड. डालडा खावा की नाही यावर घराघरात भांडणं झाली असतील, पण डब्याबद्दल दुमत नव्हतं. आम्ही विचारलेल्या बायांपैकी साठीच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येकीला डालड्याच्या डब्यातली तुळस आठवत होती, आणि तिच्या बाजूला सांभार, पुदिना, लसणाची पात. हा डबा लहान, वाण्याकडून येताना एका हातात मावणारा. त्यात वांगं होत नाही. पण फोडणीपुरतं, चटणीपुरतं होतं. राजापेठेतल्या एक काकू म्हणाल्या, की सासूबाईंना न विचारता ज्यात हात घालता येईल अशी घरात त्यांची एकच वस्तू होती, पुदिन्याचा डबा.

आता शास्त्राकडे वळू, कारण नुसत्या आठवणींवर भाजी पिकत नाही. महाराष्ट्रात थोड्या जागेत भरपूर पिकवण्याचा विचार नेटानं मांडला तो श्री. अ. दाभोळकर यांनी. कोल्हापूरकडचे हे गणिताचे प्राध्यापक. १९६६ च्या सुमारास त्यांनी प्रयोग परिवार सुरू केला. शेतकऱ्यानं स्वतः प्रयोग करावा, मोजावं, एकमेकांना पत्रानं कळवावं, ही त्याची पद्धत. तासगावकडची द्राक्षशेती बहरली त्यात या परिवाराचा मोठा वाटा होता. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे नीट सांभाळले तर पुरतात, असं ते म्हणत. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' मिळालं तर वाचा. त्यांचं म्हणणं सोपं होतं. पालापाचोळा, उसाची चिपाडं, खरकटं, हे सगळं उद्याची माती आहे.

हाच धागा मुंबईला गच्चीवर गेला. डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या रसवंतीतली चिपाडं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून थोड्याशा मातीवर भाज्या, फळं, अगदी ऊससुद्धा काढून दाखवला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्रीती पाटील यांनी साधारण २००२ पासून स्वयंपाकघरातला ओला कचरा गच्चीवर नेऊन त्याचीच माती केली आणि तिथे मळा फुलवला. तिकडे क्युबा देशात १९९१ नंतर रशियाचं तेल आणि खत बंद झालं, तेव्हा हवाना शहरानं रिकाम्या प्लॉटांवर वाफे बांधून भाजी पिकवली. गरज पडल्यावर शहराला हे जमतं, याचं ते मोठं उदाहरण.

आणि आपल्या घरचं उदाहरण? पद्मश्री सुभाष पाळेकर अमरावतीचेच. त्यांचं जीवामृत आता देशभर गेलं आहे. एकराला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि मूठभर जिवंत माती, असं त्याचं माप. आमच्यासारख्यांनी याला शंभरानं भागायचं, म्हणजे दोन लिटर पाण्यात १०० ग्राम शेण आणि चमचाभर-दोन चमचे गूळ-बेसन. पाळेकरांच्या सगळ्या दाव्यांना कृषिशास्त्रज्ञ मान डोलवत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. आमचा अनुभव एवढाच, की झाडं बरी राहतात आणि खर्च नगण्य. त्याला वास येतो, तेव्हा शेजारणीला आधी सांगून ठेवा.

याच संदर्भात एक गंमत. बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं नाव निघालं, की आमच्यापैकी कुणीतरी अभिमानानं म्हणतं, "आपल्या अकोल्याच्या." नाही हो! त्यांचं कोंभाळणे गाव अकोले तालुक्यात, अहिल्यानगरकडे, सह्याद्रीच्या कुशीत. आपलं अकोला वेगळं. आपल्या अकोल्याला १९६९ साली कृषी विद्यापीठ मिळालं, पापळच्या पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. राहीबाईंच्या परसबागेतला गावरान बियाण्याचा धडा मात्र डब्यालाही लागू आहे. वाल, चवळी, भेदरं यांचं बी घरी धरता येतं, सहसा जसंच्या तसं उतरतं. दोडकं, कोहळं मात्र शेजारच्या वेलीशी सोयरीक करून मोकळे होतात, पुढच्या वर्षी काय निघेल ते सांगता येत नाही.

आता आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेवलेली गोष्ट. वऱ्हाडात डब्यात भाजी लावण्याचं कारण नुसतं जागेची टंचाई नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी, दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर अशा तालुक्यांत खारपाणपट्टा आहे. शेकडो गावं. जमीन काळीभोर, पाहून डोळे निवावे अशी, आणि खाली विहिरीचं पाणी खारट. ते पिकाला दिलं की मातीतली चिकणमाती फुगते, तिची छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही, वरून पापुद्रा धरतो. म्हणून तिथे पावसाच्या भरवशावर कापूस, तूर, मूग, हरभरा होतो, पण उन्हाळ्यात सांदवाडीत मिरचीचं झाड जगवणं कठीण. घरापुढे मोकळी जागा असून भाजी आठवडी बाजारातून. तिथल्या बाईसाठी डबा हा शहरी शौक नाही. गोड्या पाण्याचा हंडाभर हिस्सा जिथे वाया जाणार नाही, अशी ती एवढीच जमीन आहे.

दर्यापूरकडच्या आमच्या एका मैत्रिणीनं हे आम्हाला शिकवलं. तिच्या गावात आता शहानूर धरणाचं पाणी नळानं येतं, पण रोज नाही. तिनं सात डबे ठेवले आहेत. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्यांना, आणि कपड्यांचं पाणी कधीच नाही. आम्ही तिला विचारलं, साबणाचं पाणी तर सगळेच घालतात? ती म्हणाली, "धुण्याचा सोडा म्हणजे खारच की बाई. जमिनीतला खार कमी हाय का, की मी वरून घालू?" अगदी बरोबर आहे. धुण्याच्या सोड्यात सोडियम असतं, खारपाणाची मूळ खोड तीच. पहिल्या चांगल्या पावसात ती सगळे डबे उघड्यावर ठेवते आणि बुडातून पाणी वाहून जाऊ देते. वर्षभराचा साचलेला खार त्यात निघून जातो. डब्याच्या कडेला पांढरं पीठ धरलं, की समजायचं खार वर आला.

शहरातही आता नळाचा भरवसा थोडाच. अमरावतीला अप्पर वर्धाचं पाणी, अकोल्याला काटेपूर्णाचं. पाऊस ओढ देतो त्या वर्षी अकोल्यात नळ किती दिवसांनी येईल हे कुणी सांगू शकत नाही. तेव्हा चीनमधली एक जुनी युक्ती सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या फान शंगझी यांच्या शेतीग्रंथात ती आहे. जमिनीत मडकं पुरायचं, त्यात पाणी भरून झाकण ठेवायचं, आणि भोवती वेल लावायचा. मडकं झिरपतं तेवढंच पाणी मुळांना मिळतं. आम्ही मोठ्या ड्रममध्ये मधोमध छोटं गाडगं पुरतो. मे महिन्यात दोन दिवस बाहेरगावी जाऊन आलो तरी मिरची उभी होती.

आमचा गट सुरू झाला तो मात्र पाण्यामुळे नाही, टाळेबंदीमुळे. २२ फेब्रुवारी २०२१ ला अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेची झळ आपल्याला आधी बसली. हातगाड्या बंद, भाजीबाजार बंद. त्या आठवड्यात गच्चीवरच्या सांभाराच्या दोन काड्या चार घरांत वाटल्या गेल्या, आणि त्यातून ओळखी झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी 'उमेद'नं गावोगावच्या बचतगटांत 'माझी पोषण परसबाग' मोहीम काढली होती. मेळघाटापर्यंत बायांनी वाफे केले. आमच्याकडे वाफ्याला जमीन नव्हती, डबे होते.

चुका भरपूर केल्या. पहिल्या वर्षी शेतातली नुसती काळी माती भरली. काळी माती शेतात राणी, डब्यात वैरीण. ओली असताना चिखल, वाळली की आक्रसून कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. आता आम्ही एक भाग काळी माती, एक भाग जुनं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, एक भाग रेती घेतो. खाली पऱ्हाटीचे बारीक तुकडे. वर मूठभर सरकीची ढेप भिजवून, कुजवून. ताजी ढेप घालू नका, मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात. दुसऱ्या वर्षी एका विक्रेत्यानं 'तयार खत' म्हणून पोती दिली, त्यात अर्धा बांधकामाचा चुरा निघाला. तिसऱ्या वर्षी गच्चीच्या मधोमध चाळीस डबे मांडले आणि खालच्या घरात ओल उतरली. अठरा लिटरचा ओला डबा पंचवीस-तीस किलो भरतो, तेव्हा चाळीसांचं वजन टनावर जातं. ते भिंतीच्या आणि बीमच्या रेषेवर, विटांवर उचलून ठेवायचं.

एप्रिल-मे साठी वेगळं सांगतो. अकोल्याचा पारा ४७ अंशांपर्यंत गेलेला आपण पाहिला आहे. पत्र्याचा डबा तेव्हा तव्यासारखा तापतो आणि मुळं आतल्या आत शिजतात. डब्याला जुनं बारदान गुंडाळा, ते ओलं ठेवा, डबे एकमेकांना चिकटवून ठेवा, वर जुन्या साडीची सावली करा. उन्हाळ्यात हट्टानं पालक लावू नका. चवळई, चवळीच्या शेंगा, अंबाडी तग धरतात.

आणि एक गोष्ट अगदी जीव तोडून सांगतो. कापसाच्या मुलखात रिकामे डबे खूप, पण त्यातले बरेच फवारणीच्या औषधाचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या औषधानं माणूस मेला, त्याचा डबा कितीही धुतला तरी त्यात सांभार लावायचा नाही, पाणी भरायचं नाही, कुणाला द्यायचा नाही. रंगाच्या बादल्याही आम्ही फुलझाडांना ठेवतो. भाजीला तेलाचे पंधरा किलोचे डबे घ्या, हॉटेलात, भजीवाल्याकडे स्वस्तात मिळतात.

एवढं करून घर चालतं का? नाही चालत. जागतिक आरोग्य संघटना माणसी रोज ४०० ग्राम फळं-भाज्या सांगते. पाच माणसांचे दोन किलो झाले. वीस डब्यांतून ते निघणार नाहीत, कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. निघतं ते सांभार, गोडलिंब, मिरची, पुदिना, आठवड्याला एक-दोन वेळा पालेभाजी, हंगामात वांगी-भेदरं. भाजीवाली दहा रुपयांत चार काड्या देते तेव्हा त्याची किंमत कळते. गटातल्या दोघी आता सांभार आणि रोपं विकतात. पैसे थोडे आहेत, पण कुणाला हिशेब द्यावा लागत नाही. सांदवाडीचे पैसेही असेच गाठीला राहायचे.

जठारपेठेतल्या त्या घराकडे परत येऊ. झाड तर वाचणार नाही, मुळं पायव्याखाली गेली आहेत. पण गोडलिंबाच्या बुडाशी मुळांतून फुटवे येतात. मृगाच्या पावसात आम्ही अकरा जणी गेलो, खुरप्यानं नऊ फुटवे मुळासकट काढले. दोन जळाले. सात लागले आहेत. त्यातले तीन अकोल्यात, चार अमरावतीला, सगळे तेलाच्या डब्यांत. घरची सासू, वय ऐंशीच्या पुढे, ओट्यावर बसून बघत होती. जाताना म्हणाली, "बुडाले भोकं पाडले ना वं? चार पाडजा. माया सासूनं दोनच पाडले होते, म्हणून तर ते बूड सडलं."

आम्ही घरी येऊन आणखी दोन-दोन भोकं पाडली.